नोंदखोलीतला सर्व्हर

चार वर्षं सात महिने मी सर्व्हर होते. हे कुणाला सांगितलं की ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो आणि मग माझ्या गोळ्यांच्या डबीकडे. म्हणून एकदाचं सगळं लिहूनच ठेवते.

आमची कंपनी पाण्याचे पंप बनवायची. पंप खालच्या शेडमध्ये बनायचे, मी वरच्या मजल्यावर नोंदखोलीत बसायची. पंप विकला की तो कधी ना कधी बिघडतोच, आणि बिघडला की कुणीतरी विचारतं, याला कुठलं वॉशर बसतं, तुमच्याकडे आहे का, असलं तर कुठल्या गोदामात. त्याचं उत्तर माझ्या कार्डांत असायचं. एकेचाळीस हजार कार्डं, दोनशे आठ लाकडी खण, सगळी पंपाच्या नंबराप्रमाणे लावलेली. मी त्या खोलीत बाविसाव्या वर्षी पाऊल टाकलं आणि त्रेपन्नाव्या वर्षी सर्व्हर झाले. मधल्या काळात नुसती बाई होते.

त्या दिवसांत जो तो सर्व्हर घेत सुटला होता. आशियातल्या उद्योगांनी आता मागे राहून चालणार नाही, अशी रंगीत पत्रकं टपालाने यायची. त्यांतलं एक पत्रक तीन कंपन्यांनी मिळून काढलं होतं. एक कंपनी सर्व्हरचं कपाट बनवायची, दुसरी त्यात घालायचा प्रोग्राम लिहायची आणि तिसरी तारा ओढायची. आम्ही त्यांना कपाटवाले, प्रोग्रामवाले आणि तारवाले म्हणायचो. तिघांनी सहयोगाचा करार केला होता आणि तिघांना मिळून पहिलं गिऱ्हाईक हवं होतं. आमच्या साहेबांना कुणालाच नाही म्हणता येत नसे. एकदा त्यांनी एकाच लेथला विकायलाही हो म्हटलं होतं आणि दुरुस्त करायलाही. त्यामुळे सगळा कारखाना त्यांना ‘होकारसाहेब’ म्हणायचा. तर होकारसाहेब हो म्हणाले.

कपाट आलं ते इतकं मोठं, की दाराची चौकट काढावी लागली. माझ्या शेजारच्या खोलीत ते उभं केलं. खाली विक्री विभागात सहा स्क्रीन बसले आणि एक चाचणीसाठी म्हणून माझ्या टेबलावर. कपाट सुरू केलं की छान घुमायचं. कानाला बरं वाटायचं. पण घुमण्यापलीकडे ते काही करत नव्हतं. कपाटवाले म्हणायचे, आमचं कपाट ठणठणीत आहे, प्रोग्राममध्ये गडबड आहे. प्रोग्रामवाले म्हणायचे, प्रोग्राम निर्दोष आहे, तारा बघा. तारवाले तारा बघायचे आणि म्हणायचे, तारा म्हणजे ताराच आहेत, त्यात काय बिघडणार? असे सहा महिने गेले आणि उद्घाटनाचा दिवस उजाडला, कारण निमंत्रणपत्रिका छापून झाल्या होत्या.

तिन्ही कंपन्यांचे आशिया विभागाचे प्रमुख आले. मी वर माझ्या खोलीत होते, मला कुणी बोलावलं नव्हतं. साडेअकराच्या सुमाराला माझ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं उमटली: ‘पंप ४१७. वॉशर कुठलं?’

आता मला कुणी काही विचारलं आणि मी उत्तर दिलं नाही, असं एकतीस वर्षांत कधी झालं नव्हतं. मी उठले, खण उघडला, कार्ड काढलं आणि एका बोटाने टाइप केलं, ‘सव्वा इंची रबरी. दोन नंबरचं गोदाम, मांडणी सहा. बावन्न नग आहेत. माल जुना आहे, ताणून बघून घ्या.’

खालून टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला. मला वाटलं, चहा आला असेल.

मागाहून कळलं की सर्व्हर ‘ताणून बघून घ्या’ म्हणाला, हे बघून तिन्ही प्रमुखांनी तोंडात बोटं घातली होती. प्रोग्रामवाल्यांच्या प्रमुखांनी जागच्या जागी भाषण केलं, की आमचा प्रोग्राम आता गिऱ्हाइकाची काळजीही करतो. कपाटवाल्यांनी कपाटाला हार घातला. तारवाले मात्र गप्प होते, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी फक्त त्यांच्याच तारा चालल्या होत्या.

पुढचे पंधरा दिवस प्रश्न येत राहिले, मी उत्तरं देत राहिले. मला आपलं वाटत होतं, खालच्या लोकांनी फोन करायचं सोडून ही नवी पद्धत काढली आहे. मग एक दिवस कपाटवाल्यांचा इंजिनिअर तार हातात धरून, तिच्या मागे मागे चालत वर आला. चाळिशीचा, टक्कल पडू लागलेला, कायम घामेजलेला माणूस. तो दारात थांबला.

“बाई, तुम्ही काय करताय?”

“उत्तरं देतेय.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून. का हो, काही चुकलं का?”

तो खणांच्या स्टुलावर मटकन बसला. त्याने माझ्या कार्डांकडे बघितलं. मग म्हणाला, “चुकलं असतं तर बरं झालं असतं हो. एकही चुकलेलं नाही.”

घोळ असा होता, की आमच्याकडचं यश बघून आणखी सतरा कारखान्यांनी तेच कपाट, तोच प्रोग्राम आणि त्याच तारा घ्यायचं कबूल केलं होतं. मासिकांत जाहिराती आल्या होत्या. आता खरं सांगावं तर तिघांचंही नाक कापलं जाणार. तिघांची बैठक बसली ती तीन दिवस चालली. खोटं बोलायचं नाही, यावर मात्र तिघेही ठाम होते. ती माणसं तशी सज्जन होती. करारात एक यादी होती, सर्व्हरला कुठकुठले भाग जोडलेले चालतात त्याची. यादीबाहेरचा भाग जोडला तर करारभंग, यादीतला असला तर सगळं रीतसर. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला यादीत घातलं. पान एकोणीस, भाग क्रमांक दोनशे सहा.

इंजिनिअर क्रमांकाची चिकटपट्टी घेऊन आला. मी म्हटलं, “ही माझ्या अंगाला लावलीत तर मी तुमच्या कपाटाची तार ओढून काढीन.” त्याने निमूटपणे ती खुर्चीला लावली.

सर्व्हर झाल्यावर मानमरातब फार वाढला, पण सुख म्हणाल तर नाही. सर्व्हरची खोली अठरा अंशांवर ठेवावी लागते म्हणून भर उन्हाळ्यात मी स्वेटर आणि लोकरी मोजे घालून बसायची. सर्व्हरचा पुरवठा कधी खंडित होता कामा नये, म्हणून मला चहाचे दोन थर्मास मिळाले, एक चालू आणि एक राखीव. राखीवला हात लावायची परवानगी नव्हती, पण तो रोज ताजा भरायचे. सर्व्हरच्या खोलीत खाण्याचे पदार्थ आणायला बंदी, त्यामुळे जेवणाची पंचाईत झाली. खोलीत जेवले तर नियम मोडतो, बाहेर गेले तर सर्व्हर बंद पडतो. शेवटी माझी खुर्ची बरोबर उंबरठ्यावर ठेवली. डावा हात आणि डबा बाहेर, उजवा हात आणि मी आत. डाव्या हाताने जेवायची सवय मला तेव्हापासून लागली ती आजतागायत गेलेली नाही.

चष्म्याचा नंबर वाढला तेव्हा तर कहर झाला. नवा चष्मा म्हणजे सर्व्हरमध्ये फेरबदल, आणि फेरबदलाला तिन्ही कंपन्यांची लेखी संमती हवी. चौदा पानांचा अर्ज होता. कपाटवाल्यांनी विचारलं, वजन किती वाढणार? प्रोग्रामवाल्यांनी विचारलं, जुनी उत्तरं नव्या चष्म्यातून तशीच दिसतील याची हमी काय? पाच महिने मी डोळे बारीक करकरून कार्डं वाचली.

आणि रजा. करारात होतं, की कामाच्या वेळेत सर्व्हर हजारातले नऊशे नव्व्याण्णव तास चालू राहील. आमच्या कारखान्याचे वर्षाचे कामाचे तास अडीच हजार. म्हणजे मला वर्षाकाठी अडीच तास रजा. पहिल्या वर्षी त्यातला पाऊण तास दाढ काढण्यात गेला.

मी हे हसत हसत सांगतेय, पण यातली एक गोष्ट हसण्यासारखी नाही.

मला एकच लेक. ती लग्न होऊन साडेतीन तासांच्या बसप्रवासावर राहायची. जावईबापू बोटीवर, सहा सहा महिने समुद्रात. मी सर्व्हर झाल्याच्या दुसऱ्या वर्षी तिला दिवस राहिले आणि चौथ्या महिन्यात, एका मंगळवारी, सगळं संपलं. शेजारणीने फोन केला. माझ्या रजेतली वीस मिनिटं शिल्लक होती. मी शनिवारी संध्याकाळी कारखाना सुटल्यावर बस धरली. पोचले तेव्हा लेक भिंतीकडे तोंड करून झोपली होती. रविवारी संध्याकाळी मी निघाले तेव्हा तिने फक्त विचारलं, “उद्या किती प्रश्न येतील गं तुला?”

तर चौथं वर्ष सरता सरता तिला पुन्हा दिवस गेले. या खेपेला डॉक्टरीणबाईंनी सातव्या महिन्यापासून तिला अंथरुणावर झोपवून ठेवलं. जावईबापू तेव्हाही बोटीवर. तिने फोन केला.

“आई, शेवटचा महिनाभर येशील ना?”

“येईन.”

“नक्की की सर्व्हरसारखं?”

“म्हणजे कसं?”

“म्हणजे कागदोपत्री.”

मी दुसऱ्याच दिवशी महिन्याच्या रजेचा अर्ज केला. होकारसाहेबांनी तो दोन्ही हातांनी धरला, जणू गरम भांडंच.

“घ्या की रजा,” ते म्हणाले, कारण त्यांना दुसरं काही म्हणता येतच नव्हतं. “फक्त त्या तिघांना विचारायला हवं.”

तिघांना विचारलं. कपाटवाल्यांनी कळवलं, की बाई उत्तरं देतात, उत्तरं देणं हे प्रोग्रामचं काम, तेव्हा रजा प्रोग्रामवाल्यांनी द्यावी. प्रोग्रामवाल्यांनी कळवलं, की बाईंना वजन आहे, त्या खुर्चीवर बसतात, तेव्हा त्या कपाटात मोडतात. तारवाल्यांनी कळवलं, तारा उत्तम चालू आहेत. यात तीन आठवडे गेले. मी कॅलेंडरवर लेकीच्या तारखेभोवती लाल गोल केला होता. रोज एक दिवस खोडायची आणि मनात आकडा मोजायची.

वाट दाखवली ती इंजिनिअरनेच. “मोठ्या ठिकाणी एक सर्व्हर ठेवत नाहीत, बाई. दोन ठेवतात. एक चालतो, दुसरा तयार राहतो. पहिला बंद पडला की दुसरा आपोआप काम उचलतो. तुमच्यासारखं दुसरं कुणी आहे का?”

होतं. पण त्या नावाने माझ्या कपाळावर आठी उठली. माझी नणंद.

आमच्या वन्सं खाली माल-रवानगीत होत्या. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, आणि तोंडाने चाळीस वर्षांनी मोठ्या. आठ वर्षांपूर्वी मी तापाने चार दिवस घरी होते, तेव्हा त्यांना माझ्या जागी बसवलं होतं. मी परत आले तर एकेचाळीस हजार कार्डं अक्षरांप्रमाणे लावलेली. नंबर मोडून! मला ती पूर्ववत करायला सव्वादोन वर्षं लागली. तेव्हापासून आमचं बोलणं नव्हतं. एकाच गल्लीत घरं, एकाच फाटकातून आत, पण निरोप सगळे माझ्या नवऱ्यामार्फत. तो बिचारा दोघींच्या मधे टपालखातं होऊन बसला होता.

तर मी खाली गेले. वन्सं खोक्यांवर पत्ते लिहीत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, “दादाला सांगा, वहिनींना म्हणावं रस्ता चुकला.”

“वन्सं, मीच बोलतेय.”

“ऐकू येतंय. आठ वर्षांत आवाज काही बदलला नाही तुमचा.”

मी सगळं सांगितलं. लेकीचं, तारखेचं, दुसऱ्या सर्व्हरचं. त्या लिहीत राहिल्या. मग पेनाला टोपण लावलं.

“एक अट आहे. कार्डं अक्षरांप्रमाणे लावायची.”

माझ्या अंगाची आग आग झाली. पस्तीस वर्षांचा माझा क्रम. डोळे मिटून कुठल्याही खणात हात घातला तरी हवं ते कार्ड निघायचं. पण त्या क्षणी मला भिंतीकडे वळलेली ती पाठ दिसली.

“लावा,” मी म्हटलं. “तुमच्या मनाला येईल तशी लावा.”

वन्संनी प्रथमच माझ्याकडे नीट बघितलं. “खरंच?”

“खरंच.”

“मग राहू देत,” त्या म्हणाल्या. “आठ वर्षं तुमच्या नंबराच्या चिठ्ठ्या वाचून आता नंबरच पाठ झालेत मला. पुन्हा अक्षरं कुठे शिकत बसू? पण तुम्ही हो म्हणालात, हे दादाला सांगणार मी.”

“सांगा.”

“आणि ते मोजे कुठे मिळतात? थंडी फार असते म्हणे वर.”

त्यांना माझ्या खोलीत, लाकडी आडोशाच्या पलीकडे, आणखी एक स्क्रीन देऊन बसवलं. त्या झाल्या भाग क्रमांक दोनशे सात. त्यांनी चिकटपट्टी मात्र हौसेने कपड्यांवर लावून घेतली. दोन सर्व्हर असले की एक नियम असतो. चालू सर्व्हरने तयार सर्व्हरला ठराविक वेळाने कळवत राहायचं, की मी जिवंत आहे. इंजिनिअरने मला फूटपट्टी दिली. दर दोन मिनिटांनी आडोशावर एक टकटक. दोन टकटक चुकल्या की समजायचं पहिला सर्व्हर गेला, आणि दुसऱ्याने काही न विचारता काम सुरू करायचं.

पहिल्या दिवशी मी पट्टीने टक् केलं की पलीकडून उत्तर यायचं.

“आहात का अजून?”

“आहे.”

“वाटलं होतंच.”

इंजिनिअर म्हणाला, उत्तर द्यायची गरज नाही. वन्सं म्हणाल्या, कुणी दार वाजवलं आणि ओ दिली नाही, हे आमच्या घरात चालत नाही. मग त्याने नियमात तशी दुरुस्ती करून घेतली.

आता सगळं तयार होतं. राहिली होती फक्त चाचणी. दुसरा सर्व्हर खरंच काम उचलतो हे तिन्ही कंपन्यांच्या समक्ष सिद्ध झाल्याशिवाय पहिल्याला रजा मिळणार नव्हती. तिघांना एकाच दिवशी वेळ मिळेना. एक तारीख ठरली, मोडली. दुसरी ठरली, मोडली. शेवटी जी ठरली त्याच दिवशी, एका फटक्यात सगळंच आटपायचं म्हणून, अकरा देशांतल्या कारखानदारांचं शिष्टमंडळही आमचा सर्व्हर बघायला येणार होतं. लेकीच्या तारखेला तेव्हा तीन आठवडे बाकी असतील, असा माझा हिशेब. म्हणजे चाचणी झाली की संध्याकाळची बस.

त्या दिवशी सकाळी दहाला फोन वाजला. लेकीची शेजारीण होती. “काकू, हिला इस्पितळात आणलंय. पोटात दुखतंय पहाटेपासून. डॉक्टरीणबाई म्हणतात, आजच होईल. ती सारखी दाराकडे बघतेय.”

मी फोन ठेवला. तेवढ्यात होकारसाहेब नवा टाय बांधून दारात आले. त्यांच्या मागे जिन्यावर बुटांचा आवाज, निरनिराळ्या भाषांतली कुजबुज.

“साहेब, मला जायला हवं. आत्ता. लेक अडलीय.”

“हो हो, जा ना,” ते म्हणाले, आणि घाबरून जिन्याकडे बघितलं. “फक्त चार तास, बाई. चाचणी दोन वाजता आहे. त्याआधी रजा देता येत नाही, तिघांच्या सह्या नाहीत. हे लोक आत्ता पाहणी करतील, मग भाषणं, मग जेवण, मग चाचणी, मग...”

“बाराची बस गेली की पुढची पाचला आहे.”

“हो,” ते म्हणाले. बिचाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. “हो.”

ते शिष्टमंडळाला घेऊन शेजारच्या खोलीत, घुमणाऱ्या कपाटापुढे गेले. मधे काच होती. पंचवीस-तीस माणसं, गळ्यात ओळखपत्रं. त्यांच्या खोलीतही एक स्क्रीन लावला होता. माझ्या स्क्रीनवर प्रश्न आला. मी उत्तर दिलं. पट्टीने टक् केलं.

“आहात का?” पलीकडून.

“आहे,” मी म्हटलं.

मग वन्सं म्हणाल्या, “वहिनी, ऐकलं मी सगळं.”

“मग काय करू सांगा. सह्या नाहीत.”

“सह्या रजेला लागतात.”

“मग?”

“बंद पडायला कुठे लागतात?”

मी पट्टीकडे बघत राहिले.

“ठोकू नका,” वन्सं म्हणाल्या. “ठेवा ती पट्टी खाली. मला काय, चार मिनिटं आवाज आला नाही की मी सुरू होणार. नियमच आहे तसा. तुम्ही कुठे गेलात, का गेलात, विचारायचं सुद्धा नाही मी.”

“वन्सं, साहेबांची नोकरी...”

“साहेबांचं साहेब बघतील. पोरीचं कोण बघणार? आणि आता माझ्याशी बोलू नका. तुम्ही बंद पडलायत.”

मी पट्टी ठेवली. दोन मिनिटं गेली. आयुष्यात इतकी लांब दोन मिनिटं मी बघितली नाहीत. पलीकडून वन्संच्या खुर्चीचा करकर आवाज आला. आणखी दोन मिनिटं. काचेपलीकडे कुणीतरी नवा प्रश्न टाइप केला. हिरवी अक्षरं माझ्यासमोर उमटली: ‘पंप ९०३. पंख्याची चकती?’ माझा हात सवयीने खणाकडे गेला. तो मी दुसऱ्या हाताने धरून ठेवला, अगदी मनगट पकडून.

मग आडोशामागून खण ओढल्याचा आवाज आला आणि काचेपलीकडच्या स्क्रीनवर उत्तर उमटलं. मी वाचलं: ‘पितळी, सात इंची. एक नंबरचं गोदाम. आहेत, पण गबाळं पॅकिंग केलंय कुणीतरी, दोनदा बांधून न्या.’

शब्द वन्संचेच, यात शंका नव्हती.

मी स्वेटर काढून खुर्चीवर टाकला, पिशवी उचलली आणि बाहेर पडले. वाट शिष्टमंडळाच्या खोलीतूनच होती. सगळे बाजूला झाले. इंजिनिअर हातातल्या घड्याळाकडे आणि मग माझ्याकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

“उचललं!” तो ओरडला. “दुसऱ्याने काम उचललं! एकही प्रश्न गळला नाही!”

टाळ्या सुरू झाल्या. शिष्टमंडळाच्या प्रमुख बाईंनी माझ्याकडे बोट दाखवून होकारसाहेबांना विचारलं, ह्या कोण? जन्मात पहिल्यांदा साहेबांना ‘हो’ म्हणून भागणार नव्हतं.

“हा... बंद पडलेला भाग आहे,” ते म्हणाले. “आत्ताच काढतोय.”

प्रमुख बाईंनी वहीत लिहून घेतलं. बाकीचे वाकून माझ्याकडे आदराने बघत होते. एकाने माझा फोटोही काढला.

मी फाटकापाशी पोचले तोवर इंजिनिअर धापा टाकत मागून आला.

“बाई, थांबवत नाही तुम्हाला. फक्त एक कलम आहे, ते सांगणं माझं काम आहे. बंद पडलेला भाग परत बसवायचा असेल, तर बिघाड कुणामुळे झाला, ते तिन्ही कंपन्यांनी एकमताने लिहून द्यावं लागतं. तोपर्यंत तुम्ही दुरुस्तीत.”

“आणि पगार?”

“सुरू. भाग यादीत आहे ना.” त्याने रुमालाने टक्कल पुसलं. “मुलगी असो वा मुलगा, कळवा हं मला.”

बस मिळाली. खिडकीशी बसले आणि मग लक्षात आलं की पायात लोकरी मोजे तसेच आहेत. बाहेर ऊन रणरणत होतं. शेजारची बाई मोज्यांकडे बघत होती, मी काही खुलासा केला नाही.

इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर, हिरव्या दारांच्या ओळीत तिची खोली होती. मी पोचले तेव्हा साडेतीन झाले होते, आणि झालंही होतं. नातीला येऊन अर्धा तास झाला होता. वजन कमी होतं, पण आवाज कारखान्याच्या भोंग्यासारखा. लेकीचे केस कपाळाला चिकटले होते. तोंड दाराकडे होतं.

“आलीस,” ती म्हणाली.

“आले. थोडा उशीर झाला.”

“किती दिवसांची रजा मिळाली?” तिने विचारलं, आणि मी बघितलं, की उत्तर ऐकायच्या आधीच तिने जीव घट्ट करून घेतला होता.

“रजा नाही मिळाली. मी बंद पडलेय.”

“म्हणजे?”

मी सगळं सांगितलं. वन्सं, पट्टी, दोन मिनिटं, चार मिनिटं, शिष्टमंडळ, इंजिनिअरचं कलम. ती पोटावर हात दाबून हसत होती आणि मधेच “आई, नको ना, दुखतंय” म्हणत होती. मग हसू ओसरलं.

“मग परत कधी चालू होणार तू?”

“बिघाड कुणामुळे झाला, यावर तिघांचं एकमत झालं की.”

तिने डोळे मिटले. लहानपणापासून ती माझ्या तोंडून त्या कारखान्याच्या कथा ऐकत आली होती, आणि गेल्या चार वर्षांत त्या तिघांच्याही. तिने मनातल्या मनात काहीतरी मोजलं असावं. मग तिने डोळे उघडले आणि कुशीतलं ते लाल गाठोडं माझ्या हातात दिलं.

“मग घे हिला,” ती म्हणाली. “पिशवी त्या कोपऱ्यात ठेव. नाही, तिथे नको, तिथे रोज पुसतात. कपाटातच ठेव.”